गॅरंटीशेठ जातात का बघा

समुद्र गल्लीच्या इतका जवळ होता की भरतीच्या वेळी लोकांना आवाज चढवून बोलावं लागे, आणि ओहोटी लागली की तो उतरवायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. त्यामुळे गल्लीत गुपित असं काही टिकत नसे. कुणाचं पोट बिघडलंय हे त्याच्या पोटाआधी शेजाऱ्यांना कळायचं.

याच गल्लीत गॅरंटीशेठ राहायचा. धंदा वॉटरप्रूफिंगचा. गच्चीला केमिकल, भिंतींना केमिकल, खालून ओल येऊ नये म्हणून फरशीखाली केमिकल, आणि रस्त्याचं पाणी घरात शिरू नये म्हणून दाराशी गुडघ्याएवढी भिंत. गल्लीतली झाडून सगळी घरं त्याच्या हातची. लोक घरात शिरताना लुंगी, विजार, गाऊन जे असेल ते वर धरून टांग टाकायचे आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे वॉटरप्रूफिंग केलंय."

त्याच्या घरावर बोर्ड होता: "वादळ आलं तरी थेंब नाही."

खरं तर त्याला पाऊस म्हणायचं होतं. पण पेंटर म्हणाला, "पाऊस सगळेच लिहितात, आणि जागा उरतेय. वादळ लिहू का?" त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. तो म्हणाला, लिही. माणूस नेमका अशा बेसावध क्षणी मोठा होतो.

आणि आता वादळ येत होतं. साधंसुधं नाही. टीव्हीवरची बाई त्याचं वर्णन करताना दोन्ही हात वापरत होती.

"चला दादाकडे," बायको सकाळीच म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती, आणि समोरच्याला दिसत नाही हे ओळखण्यात तिची हयात गेली होती. "दादाचं घर डोंगरावर आहे. मागच्या रस्त्यावरची माणसं केव्हाच गेली."

"त्यांच्या गच्च्या दुसऱ्याने केल्यात," शेठ म्हणाला.

"अरे, समुद्र काय गच्चीवरून येतो का?" आईने विचारलं.

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"मग कडेला बोलते. समुद्र काय गच्चीवरून येतो का?"

मुलगी कायद्याचं शिकत होती, म्हणून घरात तिला वकीलसाहेब म्हणत. ती म्हणाली, "बाबा, थेंब येणार नाही असं तुम्ही लिहिलंय. लाट येणार नाही असं कुठे लिहिलंय? तुम्ही सुटता."

"मी सुटतो गं. पण गल्ली मला सोडेल का?"

त्याने पडदा बोटभर सरकवला. समोरच्या फाटकात निवृत्त मुख्याध्यापक उभे होते. त्यांना सगळे सर म्हणत. हातात वर्तमानपत्र उघडं होतं आणि नजर थेट त्याच्या दारावर. शेजारचा सलूनवाला एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून बाहेर आला होता. गिऱ्हाईकही अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं होतं. सगळे एकच गोष्ट बघत होते: गॅरंटीशेठ जातो का.

हा सगळा घोळ त्याला त्या क्षणी नीट दिसला. तो थांबला होता गल्ली बघतेय म्हणून. गल्ली थांबली होती तो थांबलाय म्हणून. वादळ तेवढं कुणासाठी थांबलं नव्हतं.

इतक्यात नगरपालिकेची गाडी कर्णा लावून आली. "सर्व नागरिकांनी ताबडतोब शाळेच्या इमारतीत जावे!" सर गाडीला आडवे गेले आणि आतल्या माणसाला म्हणाले, "आमच्या गल्लीला लागू नाही. आमच्याकडे वॉटरप्रूफिंग झालंय."

"वादळाचं?"

"तो बोर्ड वाचा."

माणसाने वाचला. पण हातातला माइक बंद करायला तो विसरला. "वादळ आलं तरी थेंब नाही," असं अख्ख्या किनाऱ्याला सरकारी आवाजात ऐकू गेलं. गाडी समाधानाने पुढे गेली. पाच मिनिटांत शेठला चौकशीचे दोन फोन आले. एकाने विचारलं, दुपारपर्यंत वाळेल का?

मग सरच दाराशी आले. भिंतीवरून टांग टाकताना म्हणाले, "तुम्ही आहात ना?"

"आहोत की," शेठच्या तोंडून निघून गेलं.

"मग आम्हीही आहोत. ही म्हणत होती जाऊ या, पण तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन कुठे फिरवू तिला? म्हटलं, शेठ आहेत तोवर चिंता नाही."

सर गेले.

अखेर बायकोने तोडगा काढला. जायचं, पण कामावर निघाल्यासारखं. कपडे, औषधं, कागदपत्रं, सगळं केमिकलच्या रिकाम्या डब्यांत भरायचं, डबे टेम्पोत चढवायचे, आणि कुणी विचारलं तर सांगायचं, डोंगरावर अर्जंट काम निघालं.

"ही फसवणूक आहे," वकीलसाहेब म्हणाल्या आणि लॅपटॉप डब्यात कोंबू लागल्या.

आईचं काय करायचं हा प्रश्न होता. कामावर कुणी आईला घेऊन जात नाही. शेवटी तिला पिवळं हेल्मेट घालून साइटची सुपरवायझर म्हणून ड्रायव्हरशेजारी बसवायचं ठरलं. आईने एकच अट घातली: सुपरवायझर आहे तर शिव्या देऊ द्यायच्या.

टेम्पो दाराशी लागला आणि तिसरा डबा चढेपर्यंत गल्ली जमली. वारा आता बोलताना तोंडात शिरत होता.

"ऐन वादळात काम?" सलूनवाल्याने विचारलं.

"काय करणार, पार्टी ऐकत नाही."

"बघा!" सर सगळ्यांकडे वळले. "जग घाबरून पळतंय आणि आपले शेठ कामावर चाललेत. आणि या कोण?"

"सुपरवायझर," शेठ म्हणाला.

"हात चालव रे गाढवा!" आई आतून ओरडली.

"कडक आहेत," सर आदराने म्हणाले.

इथवर सगळं फार छान चाललं होतं. पण सलूनवाल्याला सुचू नये ते सुचलं. "शेठ, जाता जाता आमच्या दाराला एक हात मारा ना. पाणी दारातून येणार म्हणतात. हा घ्या, डबा मीच उघडतो." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्याने झाकण काढून आत हात घातला. हातात आईचे लोकरीचे मोजे आले. मग बायकोचा गाऊन. मग दातांची कवळी, डबीसकट.

सरांनी चष्मा वर केला. "हे कुठल्या कंपनीचं केमिकल?"

मग बायको पटकन म्हणाली, "अहो, लपवायचं काय त्यात? सासूबाईंना बरं नाही. मोठ्या दवाखान्यात नेतोय."

आईने क्षणाचाही विलंब न लावता मान टाकली. हेल्मेट काचेवर ठक्‌ करून आपटलं. अभिनय इतका चोख होता की ड्रायव्हरने भाडं आगाऊ मागितलं.

"असं होय!" गल्लीने एकदम श्वास सोडला. "आम्हाला वाटलं, तुम्ही पळताय! जा जा, लवकर जा. इकडची काळजी करू नका, आम्ही सगळे इथेच आहोत." दोघातिघांनी तर टेम्पोला मागून धक्काही दिला. गाडी आधीच चालू होती, पण माणुसकी म्हणून.

टेम्पो निघाला. शेठ मागे डब्यांत बसला होता. नाव वाचलं होतं. घर वाचलं नसतं, पण घर पुन्हा बांधता येतं. धंद्यातलं नाव एकदा गळायला लागलं की त्यावर केमिकल नाही. मागे गल्ली लहान होत चालली होती. सर आपल्या फाटकातून आत जाताना दिसले. त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली, बायकोला धरून खुर्चीत बसवलं आणि पायांवर चादर टाकली. समुद्र नीट दिसावा म्हणून पडदाही बाजूला केला.

शेठने टेम्पोच्या पत्र्यावर दणादणा हात आपटले. "थांब! मागे घे!"

"अहो, काय झालं?" बायको दचकली.

"ती म्हातारी खिडकीत बसलीय."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला दिसत होतं.

टेम्पो उलटा गल्लीत शिरला. शेठ डब्यावर उभा राहिला. वाऱ्याने शर्ट पाठीवर फुगला होता, त्यामुळे तो होता त्यापेक्षा धिप्पाड दिसत होता, आणि नेमकं तेव्हाच त्याला हे बोलायचं होतं.

"मी पळतोय!" तो ओरडला. "आई ठणठणीत आहे!"

"आहेच मुळी," आई हेल्मेट सारखं करत म्हणाली.

"म्हणजे तुमच्याच कामावर तुमचा विश्वास नाही?" सर बाहेर येत म्हणाले. हाच आवाज ऐकून पूर्वी वर्गातली मुलं बाकावर उभी राहत. शेठ आधीच उभा होता.

"गच्चीवर आहे. समुद्रावर नाही. वरून थेंब येणार नाही, सर. समोरून जे येईल त्याला मी काय केमिकल लावू?"

"पण बोर्डावर वादळ लिहिलंय."

"ते पेंटरने लिहिलं."

"आणि तुम्ही पुसलं नाहीत."

"नाही," शेठ म्हणाला. "धंदा वाढला हो त्याने."

यावर गल्ली खवळली. लबाड म्हणाली, चोर म्हणाली, सलूनवाला तर म्हणाला की यापुढे याच्या डोक्याला मी कात्री लावली तर माझं नाव बदला. आणि एवढं बोलून सगळे तरातरा घरात गेले. शेठला वाटलं, आता दारं लावून बसतील. मिनिटभरात सगळे परत बाहेर आले. प्रत्येकाच्या हातात बॅग होती. सलूनवाल्याची फिरती खुर्ची तर दोऱ्यांनी बांधून हातगाडीवर तयारच होती.

"भरून कधी ठेवलंत?" शेठने विचारलं.

"कालच," सलूनवाला रागाने म्हणाला. "तुम्ही जात नव्हता ना!"

सरांच्या बायकोला दोघांनी उचलून दाराच्या भिंतीवरून बाहेर काढलं. तिने केस विंचरले होते आणि चादरीखाली पायात बूट घातलेले होते. "मी परवापासून तयार आहे," ती म्हणाली. "पण यांचा शेठवर फार विश्वास."

डोंगरावरचा दादा राहिला बाजूला. टेम्पोत गल्ली भरल्यावर तो शाळेपर्यंतच जाऊ शकला. शाळेत शेठशी कुणी बोललं नाही. त्याला बसायला बाकसुद्धा पहिलीच्या वर्गातला मिळाला, गुडघे हनुवटीला लागत होते. आईचं मात्र उत्तम चाललं होतं. हेल्मेटमुळे मदतकार्यवाल्यांना ती त्यांचीच वरिष्ठ वाटली. तिने पाण्याच्या रांगा लावल्या, दोन अधिकाऱ्यांना झापलं आणि आपल्या मुलाला रांगेत शेवटी उभं केलं.

वादळ आलं आणि गेलं. टीव्हीवरच्या बाईने दोन्ही हात वापरले ते बरोबरच होतं.

गल्ली परतली तेव्हा रस्ता ओला आणि रिकामा होता. मागच्या रस्त्यावरच्या घरांत समुद्र शिरला होता आणि जसा शिरला तसा निघूनही गेला होता. माणसं चिखल उपसत होती. या गल्लीत वेगळंच झालं होतं. इथेही समुद्र आत शिरला होता. फक्त बाहेर पडू शकला नव्हता. फरशीतून झिरपेना, भिंतीतून पाझरेना, दाराशी गुडघ्याएवढी भिंत. घरोघरी खाऱ्या पाण्याचं एकेक तळं साचलं होतं, संथ, स्वच्छ, आणि वरचं छत कोरडं ठणठणीत.

सर आपल्या दाराशी उभे राहून आत बघत राहिले. त्यांच्या दिवाणखान्यात एक मासा सोफ्याला वळसा घालून स्वयंपाकघराकडे गेला.

"वरून थेंब नाही आला," शेठ हळूच म्हणाला.

"ते दिसतंय," सर म्हणाले.

बादल्यांनी उपसायला आठवडा गेला असता. शेठने छिन्नी-हातोडा आणला आणि सरांच्या भिंतीला पायथ्याशी भोक पाडायला बसला. छिन्नी घसरली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. आपल्याच कामाशी तो इतका वेळ झगडला की हाताला फोड आले. गल्ली हाताची घडी घालून बघत होती. कुणी काही म्हणेना. काम चांगलं आहे असं म्हणावं तर भांडण संपतं, आणि वाईट आहे असं म्हणायला भिंत तयार नव्हती.

शेवटी दगडाचा तुकडा उडाला. भोकातून आधी फेस आला, मग बोटभर धार, मग ती जोरात रस्त्यावर पडू लागली. सर गुडघ्यांवर हात टेकून वाकले. त्यांनी धारेखाली तळवा धरला, थोडा वेळ ठेवला.

"गळतंय," ते म्हणाले.

वॉकर धरून उभी असलेली त्यांची बायको हसली. मग सरांनाही हसू आवरलं नाही.

"ओ शेठ," पलीकडून सलूनवाला ओरडला. आवाजात राग होता, पण जुना, वापरात असलेला. "आमच्याकडे कधी येताय?"

"आलोच," शेठ म्हणाला, आणि धंद्यात पडल्यापासून पहिल्यांदाच तो हे म्हणून खरोखर गेला.