मोऱ्याची हळद आणि बर्फाचा दर्या

मित्रांनो, माझ्यात आजवर एकही मासा सापडला नाही, तरी मी जाळीच आहे. आता मी जुनी झाले आहे. वाशीच्या एका प्रयोगशाळेत, कपाटावरच्या लाकडी पेटीत माझा मुक्काम असतो. पण एके काळी मी बर्फाच्या दर्यापर्यंत जाऊन आले आहे.

माझा जन्म रबाळ्याचा. १९९४ साली तिथल्या छोट्याशा कारखान्यात शहाजीमामांनी पितळेची कडी वाकवली आणि तिला माझं नायलॉनचं कापड शिवून बसवलं. कापड इतकं बारीक, की मैदासुद्धा चाळायला वेळ लागावा. तोंडाशी मी रुंद, खाली निमुळती, नरसाळ्यासारखी. आणि टोकाला एक बाटली. मला पाण्यातून ओढलं की पाणी निघून जातं आणि डोळ्यांना न दिसणारं शेवाळ बाटलीत उतरतं.

हे शेवाळ गोळा करायला मला मंजुषाने घेतलं. मंजुषा साताऱ्याकडची, वाशीच्या याच प्रयोगशाळेत संशोधन करणारी. तिचे वडील ज्ञानू तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहत आणि भेटेल त्याला सांगत, "आमची पोरगी बर्फाला निघालीया!" मंजुषा मला धुताना एकटीच बोलायची. तिच्याकडूनच मी शिकले. समुद्रातलं हे शेवाळ हवेतला कार्बन वायू शोषून घेतं. मेलं की त्यातलं काही तळाशी जातं, ते शोषलेलं सोबत घेऊन. त्यात थंडीतल्या जाती वेगळ्या, उबेतल्या वेगळ्या. कोणत्या पाण्यात कोण राहतंय हे वर्षानुवर्षं मोजलं, की समुद्राला ताप चढतोय का ते कळतं. वैद्य नाडी बघतो ना, तसंच.

१९९५ च्या डिसेंबरात दक्षिण महासागराकडे जाणारं जहाज गोव्याहून सुटायचं होतं. चार दिवस आधी उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर सराव करताना मी एका खांबाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांत अडकले आणि वीतभर फाटले. नवं कापड यायला महिना लागणार होता आणि इतकं बारीक शिवणं मंजुषाला जमणारं नव्हतं. मंजुषा मला घेऊन धक्क्यावरच बसली.

शेजारी कोळीण पुतळामावशी आपलं जाळं सांधत होती. ती हसली. "अगो बाय, ही जाली का धोतराचा पदर? हिच्यान काय धरतीस, मच्छर?"

"मच्छराहून बारीक, मावशी."

"मंग खातीस काय?"

"खायला नाही, मोजायला."

"मोजाला!" मावशीने कपाळावर हात मारला. पण मला मांडीवर घेतलं. मंजुषाने पिशवीतून माझ्याच कापडाचा उरलेला तुकडा काढून दिला आणि मावशीने केसासारख्या दोऱ्याने अशी टीप घातली, की शहाजीमामांनीही मान डोलावली असती. शिवता शिवता ती गुणगुणत होती:

"दर्या दादा, तुजा तुला ऱ्हाऊ दे,
पोरीची जाली घरा येऊ दे."

शिवून झालं, तशी तिने कमरेची पुडी सोडली आणि माझ्या ठिगळावर चिमूटभर हळद दाबली. जाळं हळदीशिवाय दर्यात न्यायचं नाही, ही तिच्या आजीपासूनची रीत. मंजुषा नेमकी तेव्हा उरणची बस आली का ते बघायला वळली होती. परत येऊन घाईघाईत तिने माझी घडी घातली, मावशीच्या पाया पडली आणि धावत सुटली.

हळद माझ्या शिवणीत राहिली. मला ठाऊक होतं, पण मला वाचा कुठे होती?

दक्षिणेच्या त्या दर्यात पाणी इतकं गार, की माझी पितळी कडी आकसते की काय असं वाटायचं. पहिल्या ठिकाणी मला सोडलं, ओढलं, बाटली काढली. मंजुषाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, काढला आणि पुन्हा लावला. काचेच्या डब्यांसारख्या नेहमीच्या शेवाळात पिवळे, ओबडधोबड गोळे होते. दुसऱ्या ठिकाणी ते कमी दिसले. तिसऱ्या ठिकाणी, अजून दक्षिणेला, एकही नाही. तिने वहीत पेन्सिलीने लिहिलं : "उबेच्या पाण्यातली जात? इतक्या दक्षिणेला?"

मार्चअखेर आम्ही वाशीला परतलो. तिचे वरिष्ठ नंदकिशोर सर वही वाचता वाचता उभेच राहिले. "मंजुषा, हे खरं असेल तर मोठी गोष्ट आहे. उबेचं शेवाळ शेकडो मैल दक्षिणेला सरकलंय! पुढच्या महिन्यात गोव्याच्या सभेत तूच वाच. तुझ्या कायम नोकरीचंही मग होऊन जाईल."

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन मोऱ्याला गेली. ठिगळ शाबूत आहे, हे मावशीला दाखवायचं होतं. मावशीला कोण आनंद! तिने पुडी सोडली आणि अंगठा थेट माझ्या ठिगळावर टेकवला.

"मावशी, हे काय?"

"हलद गो. जाली सुकरूप आली ना. जातानाबी लावली व्हती की. तू गारी बगत व्हतीस."

मंजुषाने ठिगळाची शिवण उलटी करून बघितली. मग तिने विचारलं, "किती लावली होती?"

"चिमूटभर. दर्याला कंजुशी चालत नाय."

त्याच दुपारी मंजुषाने प्रयोगशाळेत ती हळद काचपट्टीवर घेतली. तेच पिवळे गोळे. मग बाटलीतले गोळे घेऊन त्यांवर आयोडीनचा थेंब टाकला. काळेनिळे पडले. शिजलेल्या हळकुंडातला पिठूळ अंश होता तो. शेवाळ नव्हतंच.

तिने खुर्चीत बसून डोळे मिटले. वही तिची, बाटल्या तिच्या. ते गोळे हळदीचे आहेत, हे फक्त तिला आणि मला माहीत होतं. मी पुन्हा मुकीच. मग ती उठली आणि सरांच्या खोलीत गेली. मी तिच्या हातातच होते.

"सर, ते शेवाळ नाही. हळद आहे. माझ्या जाळीची."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे आपण दक्षिण महासागरात हळदीकुंकू करून आलो म्हणायचं!" मग हसू विरलं. "नोकरीचं लांबेल हं, मंजुषा."

"लांबू दे. पण सर, तिसऱ्या ठिकाणापासून पुढचं सगळं स्वच्छ आहे. तेवढंच वाचते."

गोव्यात तिने तेवढंच वाचलं. पहिली दोन ठिकाणं का गाळली, तेही सांगितलं : "माझ्या जाळीला हळद होती, आणि मी ती न धुता वापरली." "मावशीमुळे" असं मात्र कुठेच म्हणाली नाही. पुढच्या मोहिमांतले आकडे त्या स्वच्छ आकड्यांशेजारी मांडता आले. नोकरी कायम व्हायला आणखी दोन वर्षं लागली.

सगळं ऐकल्यावर मावशी हिरमुसली होती. "माज्यानं तुजा काम बिगारला ना?"

"नाही हो. धुवायचं काम माझं होतं."

"पन हलद लावल्याबिगर तं मी जाली देनार नाय. मंग लावू कुठं?"

मंजुषाने जरा विचार केला. "पेटीला लावा ना."

तेव्हापासून दर मोहिमेआधी माझी पेटी मोऱ्याला जाऊन येऊ लागली.

मित्रांनो, आता माझं कापड विरलं आहे, मोहिमांना नव्या जाळ्या जातात. पण खाडीच्या पाण्यावर हात बसवायला तुम्ही मला कधी घ्याल, तर आधी स्वच्छ पाण्यात तीनदा धुवा, शिवण उलटी करून बघा, सावलीत वाळवा. आपल्याच हातचं काही माझ्यात राहिलं, तर ते दर्याच्या नावावर लिहिलं जातं.

पेटीच्या झाकणावर मात्र पिवळी बोटं दिसतील. ती पुसू नका.