बुळबुळीत दगड

“बघ रे अस्लम, कसे लख्ख झालेत,” टाकीच्या कठड्यावरून विमलाकाकी म्हणाल्या आणि त्यांनी हातातला पाइप खाली ठेवला.

कोळंबी सोलायच्या शेडमधली फरशी काकींनी सव्वीस वर्षं आरशासारखी ठेवली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांना सांडपाण्याच्या दोन टाक्यांवर नेमलं. कारखान्याची सत्यनारायणाची पूजा जवळ आली, तशी काकींनी सवयीनं दोन दिवस खपून पहिल्या टाकीतला दगडन्‌दगड घासला.

टाक्या चालवणारा अस्लम मिस्त्री शिडी चढून आला आणि त्यानं एका दगडावर बोट फिरवून पाहिलं.

“काकी, काय केलात ह्यां? ती घाण नव्हती. दगडावरचा बुळबुळीत थर म्हणजे जिवंत जंतू. वरून पडणाऱ्या पाण्यातली घाण तेच खातात.”

“म्हणजे ही गाळणी नाय?”

“गाळणी असती तर जाळी लावून भागलां असतां. दगड म्हणजे नुसतं त्यांचं घर. तुम्ही राहणाऱ्यांनाच धुऊन काढलंत.”

महिन्यानं पाणी तपासायला माणसं येणार होती. पाणी नापास झालं तर कारखाना बंद आणि शेडमधल्या चाळीस बायका घरी. त्यातल्या निम्म्या काकींनीच आपल्या भाट्ये गावातून आणून कामाला लावल्या होत्या.

मग काकी आणि अस्लम, दोघांनी मिळून दुसऱ्या टाकीतले थर चढलेले थोडे दगड टोपल्यांनी वाहिले आणि पहिल्या टाकीत पसरले, म्हणजे त्यांच्यावरचे जंतू धुतलेल्या दगडांवरही वाढतील. पाणी बेतानं सोडलं. रोज चहाच्या आधी काकी धुतलेल्या दगडावर बोट फिरवून बघायच्या. आठ दिवस नुसता खरखरीतपणा. नवव्या दिवशी त्या शिडीवरूनच ओरडल्या, “अस्लम, बोट घसरलां रे.” त्या दिवशी शेडमधल्या प्रत्येकीला त्यांनी लाडू दिला. कशाबद्दल, ते मात्र त्यांना कुणाला धड सांगता येईना.

महिन्यानं पाणी पास झालं. मॅनेजर सर्वेश साहेब खुशीत टाकीपाशी आले, शिडी चढून आत डोकावले आणि खाली उतरले.

“काकी, मुंबईच्या ऑफिसला फोटो पाठवायचेत. दगड केवढे घाणेरडे दिसतायत. जरा धुऊन घ्या.”

इतक्या वर्षांत काकींनी साहेबांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्या शिडीच्या पहिल्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“दगडांना हात लावायचा नाय, साहेब. फोटो हवाय तर माझा काढा.”

साहेबांनी हसत मोबाइल वर धरला. काकींनी पदर सारखा केला. नुकतेच दगड चाचपलेले हात मात्र पुसले नाहीत, तसेच राहू दिले, तपकिरी आणि बुळबुळीत.