मालकाचा वाटा

मधुकररावानं टीपच्या गडव्यात हात घालायचं ठरवलं, आणि त्या दिवसापासून माझं डोकं जे फिरलं ते पुरतं जागेवर कधी आलंच नाही.

आधी आम्ही कोण ते सांगतो. सीताबर्डीच्या एका बोळात आमची परमिट रूम होती. मी विश्वनाथ, काउंटरवर. पेग मी भरायचो, सोडे मी फोडायचो, बर्फ मी कुटायचो आणि दोन पेगनंतर ज्यांना बायकोची आठवण येऊन रडू फुटायचं त्यांची समजूतही मीच काढायचो. आत स्टोव्हपाशी गोविंदा, उकडलेली अंडी आणि खिमा करायला. टेबलांवर धोंडबा. तो वयानं आम्हा सगळ्यांत मोठा आणि बोलायला सगळ्यांत कंजूष. मला आणि गोविंदाला थोडाफार पगार होता. धोंडबाला नव्हता. वेटरला दोन वेळचं जेवण आणि टीप, अशीच आमच्याकडे चाल होती, आणि घरी त्याची बायको अंथरुणाला खिळलेली.

टीप कुणाच्याही हातात पडो, ती काउंटरवरच्या पितळी गडव्यात जायची. मंगळवारी बार बंद. त्या दुपारी धोंडबा गडवा टेबलावर उलटा करायचा. फुटलेला ग्लास आणि पळालेलं बिल, म्हणजे पिऊन पसार झालेल्या गिऱ्हाईकाचं, हे आधी त्यातून कापलं जायचं. उरेल त्याचे तीन वाटे.

राहिला मधुकरराव. तो मालक. पण हा मालक माझ्याच तांडापेठेतल्या गल्लीतला, माझ्याच वयाचा. दोघांच्याही घरचे माग बंद पडले, दोघांनीही सदर बाजारातल्या एका हॉटेलात एकाच मोरीवर ग्लास विसळले. मग त्याचं लग्न कामठीला झालं. सासऱ्याचे पावरलूम होते, पैसा होता, आणि बघता बघता मध्याचा मधुकरराव झाला. इथं बार काढला तेव्हा त्यानं मला सोबत आणलं, हे मी नाकारत नाही. गल्ल्यावर त्याचं बूड टिकत नसे. गर्दी वाढली की तो शर्टाच्या बाह्या वर करून माझ्या शेजारी यायचा आणि दोन्ही हातांनी पेग भरत गिऱ्हाईकांशी अशा गप्पा ठोकायचा की एक घ्यायला आलेला माणूस तीन घेऊन उठायचा. चार लोकांत मी त्याला मधुकरराव म्हणायचो आणि दोघंच असलो की मध्या. पण दोघंच असणं हळूहळू कमी होत चाललं होतं.

उन्हाळा होता, साल एकोणऐंशी. त्या मंगळवारी आम्ही वाटणीला बसलो तर हा खुर्ची ओढून आमच्यात बसला आणि म्हणाला, "धोंडबा, आजपासून चार वाटे कर."

मी म्हटलं, "चौथा कोनाचा?"

"माहा."

"मालकाले टीपमंधी कायचा वाटा? आता एवढंच राहिलं होतं!"

"मालक म्हनून कोन मागून राहिलं?" तो म्हणाला. "मी उभा राहतो म्हनून मागून राहिलो. माह्या हातचा पेग पिऊनच लोक पैसे टाकतात ना? आपल्या गल्लीत पांजणीले हात लावनाऱ्याले जेवाले बसवत होते का नाई? सांग ना गा."

इथं त्यानं मला बरोबर धरलं. पांजणी म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ लावणं. सकाळी अख्ख्या गल्लीभर ताणा ताणलेला असायचा, आणि ज्यानं ज्यानं त्याला हात लावला तो त्या दिवशी त्या घरी जेवायचा. भांडणातला माणूस असला तरी त्याला पानावरून उठवत नसत. विणकराच्या पोरापुढं हे बोलल्यावर त्यानं काय उत्तर द्यावं? त्या दिवशी मी चौथा वाटा होऊ दिला नाही. "पुढच्या बारीले पाहू," म्हणून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी घरात येरझारा घालत होतो. बाहेर जायचो, पानठेल्यापर्यंत जाऊन पान न घेताच परत यायचो. माझी बायको अनुसया तांदूळ निवडत होती. ती शेवटी वैतागली. "काहून फिरून राहिले सकाळपासून? बसा ना एका जागी. मलेच गरगराले लागलं." तिला काय सांगणार? चार पैसे कमी येतील ही बोच होतीच, धोंडबाच्या बाबतीत तर फारच. पण मला खरं जे खात होतं ते वेगळं. मध्या मालक म्हणून हात घालत असेल तर तो लुटारू, आणि मग मी त्याच्या तोंडावर नोकरी फेकून मोकळा होतो. आमच्यातला म्हणून मागत असेल तर त्याला नाही म्हणणारा मी हलकट. तो दोघांतला कोण हे कळल्याशिवाय मला त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहता येईना.

मग मला एक युक्ती सुचली, आणि मी स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी बार उघडायच्या आधी मी त्याला गाठलं. "वाटा घ्याचा तं नुकसानही घ्या लागन. फुटलं त्यात तू, पळालं त्यात तू. आमच्यावानी."

"हाव ना! त्यात काय?" तो म्हणाला, आणि माझ्या हातावर टाळी दिली. इतका खुश झालेलं मी त्याला बारचं लायसन आलं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी चार वाटे पडले. धोंडबानं आपला वाटा उचलला, तळहातावर घेऊन जरा बघितला आणि निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता ताराचंदबद्दल. हा मधुकररावाच्या बायकोचा थोरला भाऊ. आठवड्यातून दोन-तीनदा कामठीहून फटफटीवर यायचा, सोबत दोघं-तिघं दोस्त. कूलरपुढचं टेबल त्याचं ठरलेलं. खायचे, प्यायचे, ढेकर देऊन उठायचे. बिल कुणी मागायचं नाही, त्यानं कधी विचारायचं नाही. मालकाच्या सासरचा माणूस, आम्हाला काय त्याचं? पण त्या आठवड्यात तो आला, मधुकररावानं स्वतः त्याच्या टेबलावर बाटली नेली, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "मध्या, कालचं ताराचंदचं बिल पळालं. ते गडव्यातून जाईन."

"अबे, तो घरचा मानूस आहे."

"मालकाच्या घरचा. तू मालक असशीन तं माफ करून टाक, अन् आपला वाटा सोड. आमच्यातला असशीन तं त्याच्यापाशी बिल माग. नाई तं मंग आमा तिघाइच्या पोटातून काढ."

धोंडबा टेबल पुसत होता, त्याचा हात थांबला. मधुकररावाचा चेहरा पडला. मी त्याच्यासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं. "जाऊ दे, नोको मले वाटा," एवढंच म्हणायचं होतं त्याला. म्हणाला असता तर मी त्याच्या गळ्यात पडलो असतो. पण तो दुपारभर बाटल्या या फळीवरच्या त्या फळीवर ठेवत राहिला, आणि मी त्याच बाटल्या परत जागेवर लावत राहिलो.

संध्याकाळी ताराचंद पुन्हा आला. बार भरलेला होता. त्याच्या दोस्तांनी कोंबडी मागवली, सोड्यावर सोडे फोडले. ते उठायला लागले तेव्हा मधुकरराव काउंटरमागून निघाला. खांद्यावर फडका, हातात बशी, बशीत बडीशेप आणि बिल. कूलरपुढं जाऊन तो उभा राहिला.

"ताराचंदभाऊ, बिल."

दोस्त आधी हसले. ताराचंदही हसला. "काय जवाईबापू, आज तुमीच घेतली वाट्टे?"

"नाई भाऊ. कालचं अन् आजचं दोन्ही आहे. ते आलं नाई तं या लोकाइच्या टीपमधून जाते."

ताराचंदनं आमच्याकडं बघितलं. आधी माझ्याकडं, मग धोंडबाकडं. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं होतं. त्यानं पाकीट काढलं, नोटा मोजून बशीत टाकल्या. निघता निघता खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अन् हे तुमची टीप. सर्विस अच्छी आहे."

दोस्त खदाखदा हसले. माझं रक्त उसळलं. मधुकररावानं काय करावं? आम्ही करतो तसा कपाळाला हात लावून सलाम ठोकला, काउंटरवर आला आणि ते नाणं गडव्यात टाकलं. मी गिऱ्हाईकांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडलो, "शाबास मध्या!" तो आमच्यातला होता, आता त्यात काही शंका उरली नव्हती. तो मात्र बर्फ कुटायला वळला आणि पुढचा पेग मलाच भरावा लागला.

माझा आनंद शनिवारपर्यंत टिकला. शनिवारी दुपारी मी आलो तर गल्ल्यावर ताराचंद. लायसन सासऱ्याच्या नावावर होतं, जागा सासऱ्याची होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मालक म्हणून आम्ही ज्याला सलाम करायचो तो इतकी वर्षं नुसता बसवलेला होता. "जवाईबापूले काउंटरचीच हौस आहे," ताराचंद म्हणाला, "तं राहू द्या काउंटरवर." मधुकरराव भांडला नाही. त्याची बायकापोरं सासऱ्यानं दिलेल्या दोन खोल्यांत राहत होती, भांडून कुठं गेला असता? तो निमूट माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या गप्पा बंद झाल्या. गिऱ्हाईकं विचारायची, "काय मधुकरराव, तब्येत बरी नाई काय?" आणि तो नुसता हसायचा.

मंगळवारी धोंडबानं गडवा उलटा केला. ठरल्याप्रमाणे चार वाटे केले. तेवढ्यात बाहेर फटफटी थांबली. बंदच्या दिवशी ताराचंद कधी येत नसे. तो आत आला, उभ्या उभ्या चौथा वाटा उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

मी ताडकन उठलो. "तो मधुकररावाचा आहे."

"मालकाचा चौथा वाटा ठरला होता ना?" तो म्हणाला. "मले समदं मालूम आहे. तूच ठरवला."

"तो काउंटरवर उभा राहत होता म्हनून ठरला!"

"तवा मालक उभा राहत होता. आता मालक बसते." आणि तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

"अन् नुकसान? मालकाले नुकसानीतही वाटा आहे."

"नुकसान तुमी करान, मी काहून भरू?"

फटफटी बोळातून निघून गेली. मी दाराकडे बघत उभा राहिलो. टेबल उलथून टाकावं, बाटल्या फोडाव्या, चप्पल घालून निघून जावं, पुन्हा या बोळात पाय ठेवू नये, असं सगळं एकदम मनात येत होतं. मालकाचा वाटा हा शब्द याआधी या बारमध्ये कुणी उच्चारला नव्हता. त्याला अटी घालून, टाळी घेऊन मी तो पक्का करून ठेवला होता, आणि आता तो ज्याला पाहिजे त्याच्या खिशात बसत होता.

टेबलावर तीन वाटे होते आणि माणसं चार. मधुकर काउंटरमागं जाऊन स्वच्छ ग्लास पुन्हा पुसत होता. आमच्याकडं त्याची पाठ होती.

या सगळ्या भानगडीत धोंडबा एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं तळहातानं तिन्ही वाटे एकत्र केले आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतले. गोविंदा मान खाली घालून बघत होता. चार वाटे मांडून झाल्यावर धोंडबानं हाक मारली. आजवर तो त्याला मालक म्हणायचा.

"ये गा मधुकर. बस."

"मले नोको, धोंडबा. वहिनीच्या औषधाले लागन तुले."

"ते मी पाहीन. तू बस."

तो आला. खुर्चीच्या कडेला, उठून जायच्या तयारीनं बसला. आपल्यापुढच्या त्या एवढ्याशा वाट्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता तं झालो ना गा मी तुमच्यातला, विश्या?"

"हाव," मी म्हटलं. त्यानं वाटा उचलला. गोविंदानं चहा ठेवला, आणि तो होईपर्यंत आम्ही चौघं त्या टेबलापाशी बसून राहिलो.