शिवेबाहेरची इडापिडा

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. आर्वीच्या बाजारातल्या लोहाराने माझं पातं घडवलं आणि नरहरने ओढ्यापलीकडच्या जंगलातला धावडा तोडून मला दांडा बसवला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तेव्हा मी ऐकली नव्हती.

"नरहरच्या कुऱ्हाडीले तोड नाई," असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई. मग ठेकेदार आला. सहा उन्हाळ्यांत ओढ्यापलीकडचे साग, धावडे, तेंदू आम्ही आडवे केले. सावली गेली तशी तिथे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं आणि कमरेएवढं गवत माजलं. गवतात उंदीर वाढले. त्यांना धरणारी घुबडं ढोलींबरोबरच गेली होती. उंदरांच्या अंगावर एक लाल किडा पोसला जाऊ लागला, तिखटाच्या कणाएवढा. मी त्याला माझ्याच दांड्यावर चढताना पाहिलं.

आमच्या गावी पोळ्याला पळसाच्या डहाळ्या दाराशी लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे "रोगराई, ढेकूण, मच्छर घेऊन जाय गे मारबत," असं इडापिडा नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगत त्या शिवेबाहेर, ओढ्यापलीकडे फेकतात. गेल्या पोळ्याला नरहर डहाळ्या आणायला ओढ्यापलीकडे निघाला, तर त्याची अकरा वर्षांची आचल हट्टाने मागे आली. तोडून झाल्यावर त्याने मला गवतात टेकवलं. आचल माझ्या शेजारीच बसून डहाळ्या बांधू लागली. ते लाल कण माझ्यावरून उतरले आणि तिच्या पायांकडे निघाले. मी ओरडणार कशी? माझा आवाज फक्त घाव घालताना निघतो.

दहाव्या दिवशी आचलला ताप भरला. गुडघ्यामागे एक काळी खपली होती.

"चुलीची ठिणगी उडाली असन," तिची आई यशोदा म्हणाली आणि तिने हळद लावली. तापाच्या गोळ्या चालू होत्या, पण ताप हटेना. पाचव्या दिवशी पोर आईलाही ओळखेना, तेव्हा तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी खपली पाहिली आणि विचारलं, "झुडपात बसली होती का? हा भाजल्याचा डाग नाही, किड्याचा चावा आहे. आणखी उशीर केला असता तर मुलगी हाती लागली नसती."

आचल वाचली. त्याच गवतात शेळ्या चारणारी जयवंताबाई मात्र त्याच तापाने गेली. तिची खपली कुणी पाहिलीच नाही.

उद्या पुन्हा पोळा आहे. सकाळी आचल ओसरीवर बसून बापाला म्हणाली, "बाबा, आपून रोगराई शिवेबाहेर फेकतो. पण ते तर तिथंच बसून राह्यली. पयले जंगल तिले आपल्यापाशीच ठेवून घेत व्हतं. आता रोगराई कुठी जाईन?"

ठेकेदाराचा ट्रॅक्टर दाराशी आला आहे, त्याला मागची टेकडी साफ करायची आहे. नरहरचा हात माझ्या दांड्यावर आहे. मला भीती वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, तेल लावा, जपा. मी एवढंच मागते, मला कोपऱ्यात पडू द्या. मला गंजू द्या.