ताईंचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, काळा रंग जागोजागी उडाला आहे. पण ऐकायला मी अजून पक्का आहे.

माझी जुळणी कारखान्यात झाली, पण खरं आयुष्य सुरू झालं ते शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत. तिथे एका बहीणभावाने गावापुरतं रेडिओ केंद्र काढलं होतं आणि त्यावर फक्त रॉक संगीत लागायचं. दादा यंत्रं सांभाळायचे, ताई माझ्यासमोर बसून बोलायच्या. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते, तरी ड्रमचा दणदणाट खाली जायचाच. मग शिंपीकाका जिन्यातून ओरडायचे, "अहो, तुमच्या या बडवण्यानं माझी शिवण वाकडी जातेय!" पण त्यांचा पाय मशीनवर त्याच ठेक्यात चालायचा.

ताईंचा आवाज जाडाभरडा. सुरुवातीला लोक हसले; पण महिन्याभरात त्या आवाजाशिवाय त्यांना करमेना. संध्याकाळचे पाच वाजले की फोन खणखणू लागे. एका वेल्डरचा फोन तर रोजचाच. "ताई, ते लांबलचक गिटारवालं लावा. त्याच्याशिवाय हात चालत नाही बघा." गावातली पोरं-पोरी वाद्यं घेऊन जिना चढायची. कित्येकांचं पहिलं गाणं माझ्यासमोर झालं. कोणी चुकलं, तर ताई म्हणायच्या, "घाबरू नका, पुन्हा घ्या. आपलीच माणसं ऐकताहेत."

पुढे गाणी प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसली. आमचा फोन तासन् तास गप्प राहू लागला. शेवटी दादांनी केंद्र एका मोठ्या कंपनीला दिलं. ताईंना ते रुचलं नाही, पण त्या म्हणाल्या, "निदान बंद तरी पडणार नाही."

आता गाणी दूरच्या कचेरीतला संगणक निवडू लागला. तीच तीच चाळीस गाणी! ताईंनी सकाळी येऊन दिवसभराचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं, असा नियम झाला. एकदा सकाळी त्या माझ्यासमोर म्हणाल्या, "काय सुंदर संध्याकाळ आहे!" आणि संध्याकाळी हे वाक्य वाजलं, तेव्हा बाहेर गारा पडत होत्या. ताई त्या दिवशी काही कामाने केंद्रावरच होत्या. तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी हसत म्हणालं, "ताई, जरा खिडकी उघडून बघा की!" ताईंनी फोन ठेवला. त्या हसल्या नाहीत. "आज मी लोकांना खोटं सांगितलं," एवढंच दादांना म्हणाल्या. दादांची मान खाली गेली.

दोन वर्षांनी, ऐकणारे उरले नाहीत म्हणून कंपनीने केंद्र बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दुपारी ताईंना दोन तास थेट बोलायची परवानगी मिळाली. ही बातमी गावभर झाली आणि जिन्यावर मुंगी शिरायला जागा उरली नाही. जो तो माझ्यासमोर येऊन सांगे, "आमचं किती प्रेम होतं या केंद्रावर!"

एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे आले. ताईंनी त्यांना ओळखलं नाही. ते "ताई..." म्हणाले मात्र, आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, वेल्डर तुम्ही!"

"हो. फार वाईट वाटतंय, ताई."

"शेवटचं कधी ऐकलंत आम्हाला?"

वेल्डर मान खाली घालून म्हणाले, "खोटं नाही बोलत. चार वर्षं झाली असतील. वाटायचं, तुम्ही काय, आहातच."

ताईंचे डोळे भरले. त्या रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा. आज पूर्ण ऐकून जा," त्या म्हणाल्या आणि दादांनी ते लांबलचक गाणं लावलं. ते संपेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही.

आता मी ताईंच्या कपाटात असतो. त्या मला अधूनमधून पुसतात, पण माझ्यासमोर बोलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादं लहानसं वाचनालय असेल, नाटकमंडळी असेल, कोणी जीव ओतून चालवलेलं काहीतरी असेल. ते आवडत असेल, तर आजच त्याचा जिना चढा. निरोपाला आलेली ती गर्दी मी ऐकली आहे. त्यातली निम्मी माणसं जरी आदल्या वर्षी आली असती, तरी त्यांना निरोप द्यावाच लागला नसता.