एका ऱ्योचे डॉलर

"एका ऱ्योचे डॉलर किती, एवढंच सांग. इतिहास नकोय," रविराज म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

रविराज आमचा टीम लीडर. २००४ साली आमच्या कंपनीत जपानी येणाऱ्या दोघीच, मी आणि ऋतुजा; दोघींपैकी एकीला कंपनी सहा महिने टोकियोला पाठवणार होती. सोया सॉस बनवणाऱ्या एका जुन्या जपानी घराण्याची वेबसाइट मी इंग्रजीत करत होते. त्यांच्या मूळ पुरुषानं दहा ऱ्योंवर, म्हणजे जुन्या जपानी नाण्यांवर, दुकान काढलं होतं, आणि अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी रविराजला पुढे डॉलर लिहून हवे होते.

मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. ऱ्यो हे मुळात नाणंच नव्हे, वजन. चीनकडून आलेलं, आपल्या तोळ्यासारखं. पुढे तेवढ्या सोन्याला ऱ्यो म्हणू लागले, मग नाण्याला. मग राज्यकर्त्यांनी त्या सोन्यात चांदी मिसळली, नाव मात्र तेच ठेवलं. तांदळाच्या भावानं काढले तर एका ऱ्योचे चारशे डॉलर होतात, सुताराच्या मजुरीनं तीन हजार. कुठला आकडा लिहू?

"पाचपर्यंत एक फिगर दे. नाहीतर टोकियोला ऋतुजा जाईल."

पालथ्या घड्यावर पाणी! आणि टोकियोचे ते सहा महिने मला हवे होते, बिबवेवाडीत विमलाबाईंच्या जपानीच्या क्लासला पहिल्यांदा गेले तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं. बाईंचा दंडक एकच. "येत नसेल तर येत नाही म्हणा. ठोकून देऊ नका."

पाचला पाच कमी असताना मी ठोकून दिलं. चारशे. खाली अनुवादक म्हणून माझं नाव, नम्रता. रविराजचा राग आला होताच, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

टोकियोहून परतल्यावर तिकडची मिठाई घेऊन बाईंकडे गेले. क्लास चालू होता. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, १ ऱ्यो = ४०० डॉलर.

"ये गं," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मुलांना सांगत आले, असा एकच आकडा काढता येत नाही म्हणून. वेबसाइटवर तुझं वाचलं आणि वहीतली टीप खोडून टाकली."

"बाई, ते..."

"ही आपली नम्रता," त्या मुलांकडे वळल्या. "ही कधी ठोकून देत नाही. घ्या उतरवून."

मुलं माना खाली घालून लिहू लागली. मी डबा हातात धरून दारातच उभी. 'येत नव्हतं', एवढे दोन शब्द काही तोंडातून निघेनात.