दहा इंची चाकं

शारीकने ग्राइंडर सुरू केला, तोच सिराजुद्दीनने भिंतीतला प्लग उपटला.

"मामू, मडगार्डच्या कडेचा अर्धा इंच पत्रा तर कापायचाय!"

"तो पत्रा तुझ्या बापाने ठोकलाय का?"

१९६९ सालच्या त्या अमेरिकन मसल कारचा मागचा मडगार्ड गंजून त्याची चाळण झाली होती. दम्मामच्या गॅरेजमध्ये चार महिने खपून सिराजुद्दीनने तो मूळ आकारात आणला. चाकं निवडायचं काम तेवढं त्याने भाच्यावर सोपवलं. भाच्याने गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच माप घेतलं आणि दहा इंच रुंद चाकं मागवली. गाडी जमिनीवर टेकली, स्प्रिंगा दबल्या आणि मडगार्डची कड टायरवर घासू लागली.

"गाडी खाली उतरव, मागे माणसं बसव, मग टेप लाव, असं बजावलं होतं ना?"

"वर असताना छान फिरत होतं."

"मग मालक काय हवेत चालवणार?"

"तो दुपारी गाडी न्यायला येतोय. त्याला काय सांगू?"

"माझं माप चुकलं, असं सांग. आठ इंची चाकं येईपर्यंत थांब म्हणावं."

"माझी इज्जत जाईल, मामू."

"आणि माझा मडगार्ड गेला तर चालेल?"

शारीक हलेना. सिराजुद्दीनने नट सैल केले, जॅक लावला आणि नवंकोरं चाक ओढून भाच्याच्या पायाशी आपटलं. तो दुसऱ्या चाकाकडे वळला तेव्हा कुठे शारीकने मालकाला फोन लावला. सलाम करतानाच त्याचा आवाज चिरकला. सिराजुद्दीनचा पाना थांबला नाही.